डबल बेल

आमचे दाजी मोबाइल चार्जिंगला लावण्यापूर्वी बंद करतात. नुसता बंद करीत नाहीत. "गाडी डेपोला लागली," अशी घोषणा करतात, मागचे झाकण नीट बसले आहे की नाही ते अंगठ्याने चाचपतात, आणि मगच चार्जरची पिन खोचतात. बंद कशासाठी, असे एखाद्याने विचारलेच, तर पेट्रोल पंपावर काडी ओढणाऱ्याकडे पाहावे तसे ते त्याच्याकडे पाहतात.

"डिझेल भरताना इंजिन चालू ठेवतं का कुणी, मास्तर?"

मास्तर म्हणजे मी. धाराशिवच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो. माझा स्वभाव मवाळ आहे असे लोक म्हणतात, आणि मलाही परवापरवापर्यंत तसेच वाटत असे. परंतु दाजींच्या मोबाइलने माझ्या मवाळपणाची जी परीक्षा घेतली, ती नववीच्या कोणत्याही तुकडीला घेता आली नाही.

दाजी हे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला. पण निवृत्त झाला तो त्यांचा गणवेश. तेरला बसस्टँडच्या जवळच त्यांचे दोन खोल्यांचे घर आहे. अक्का तीनेक वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी, वैशाली, पुण्यात नोकरीला आहे. त्यामुळे त्या घरात आता दाजी आणि त्यांचा बटणांचा मोबाइल असे दोघेच राहतात, आणि दोघांपैकी घरचा कर्ता कोण हे मला अजून उमगलेले नाही.

दाजींच्या लेखी तो मोबाइल नाहीच, गाडी आहे. रेंज गेली की "घाट लागला". रिचार्ज संपला की "पासिंग संपलं". आवाज खरखरू लागला की "टायमिंग बिघडलं". दसऱ्याला डेपोतल्या गाड्यांना हार घालतात, तसा या गाडीलाही झेंडूचा हार असतो. पूर्वी तो अक्का ओवायची, बोटभर लांबीचा, नाजूक. आता दाजी स्वतः ओवतात, आणि त्यांच्या जाड बोटांना बारीक काम जमत नसल्यामुळे हाराखाली मोबाइल शोधावा लागतो.

ही गाडी उघड्यावर कधी उभी राहत नाही. नोकरीतल्या चामडी बॅगेत एक स्टीलचा डबा, डब्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला दोन रबरे, पिशवीत खाकी कापडाची थैली (ती अक्काने जुन्या गणवेशाच्या बाहीतून शिवलेली) आणि थैलीत मोबाइल, अशी ती रचना आहे. स्टीलच्या डब्यामुळे फोन असा खणाणतो की शेजारच्या गोठ्यातली म्हैस मान वर करते. फोन घ्यायचा तर हे सर्व एकेक करून उघडावे लागते. खिशात का ठेवत नाही, असे मी एकदा विचारले. "खिसा म्हंजे काय गाडीतळ हाय?" असे उत्तर मिळाले.

दर रविवारी गाडीचे धुणे. बटणांच्या फटींतून जुन्या टूथब्रशने धूळ काढायची, कडेने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, आणि वरून ओले फडके फिरवायचे. ओल्या फडक्याबद्दल मी त्यांना वारंवार सावध केले होते. मी केलेल्या सूचनांचा जो नेहमी शेवट होतो तोच याही सूचनेचा झाला. एका रविवारी मोबाइलचा डिस्प्ले काळा पडला आणि पुन्हा उजळला नाही. आकडा दिसेना, नाव दिसेना. मला वाटले, सुटलो. आता तरी हे यंत्र बदलेल. दाजींनी मात्र ते कानाशी धरून हलवून पाहिले आणि निकाल दिला, "काच काळी झाली म्हणून गाडी भंगारात काढत न्हाईत. इंजिन बघा, इंजिन."

"पण दाजी, कोणाचा फोन आला आहे हे तुम्हांला कळणार कसे?"

"बेल ऐकू येती की."

या उत्तरावर मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. ते उत्तर नीट ऐकावे, असे मला त्या वेळी वाटले नाही.

तसे पाहिले तर बेल ऐकण्याचीही त्यांची स्वतंत्र पद्धत आहे. फोन वाजू लागला की दाजी जागचे हलत नाहीत. हातातला घास हातात राहतो, बोलणे अर्ध्यावर थांबते, नजर डब्यावर खिळते. पहिली बेल. दुसरी बेल. दोन्ही जाऊ देतात. तिसरी झाली की सुस्कारा टाकून म्हणतात, "पॅसेंजर हाय." मग उठतात, चामडी बॅग उघडतात, डबा काढतात, रबरे सोडतात, आणि थैलीत हात घालीपर्यंत फोन वाजायचा थांबलेला असतो. पलीकडे बहुतेक वेळा मी असतो. चिडून मी पुन्हा लावतो. पुन्हा पहिली बेल, दुसरी बेल.

"दाजी, पहिल्याच बेलला उठलात तर काय बिघडेल?"

"पहिल्या दोन आपल्या नसत्यात. पॅसेंजरनं थांबायचं असतं."

फोन लागला तरी सुटका नाही. माझी वाक्ये जरा लांब असतात, हे मला ठाऊक आहे. तो व्यवसायाचा दोष आहे. "दाजी, परवा आपले जे बोलणे झाले त्या संदर्भात मला असे सुचवावेसे वाटते की," इथवर मी येतो, आणि तिकडून आवाज येतो, "मास्तर, सुट्टं बोला. माझ्याकडं मोड न्हाय." कंडक्टरपुढे मोठी नोट धरलेल्या प्रवाशासारखा मी माझे वाक्य हातात घेऊन उभा राहतो. त्यांच्या सख्ख्या मुलीलाही हाच न्याय. अपवाद एकच, राँग नंबर. चुकून कोणाचा फोन आला, तर दाजींना घाई नसते. तो माणूस कुठला, कोणाला शोधतो आहे, तिकडे पाऊस कसा आहे, अशी सारी चौकशी होते. "गाडी चुकल्याला पॅसेंजर हाय, नीट लावून दिला पायजे," असे त्यांचे म्हणणे. लोहाऱ्याच्या एका गृहस्थांशी ते अशा चुकीतून इतका वेळ बोलत बसले होते की मी, त्यांचा सख्खा मेव्हणा, समोर बसून चहा गार केला.

आता बेलची गोष्ट. एसटीत कंडक्टरने दोरी एकदा ओढली की ड्रायव्हर गाडी थांबवतो, दोनदा ओढली की गाडी सोडतो. सिंगल बेल थांबा, डबल बेल चला. ही भाषा दाजींनी मोबाइलवर आणली. तुळजापूरहून येऊन घरी पोचले की ते मला दोनदा वाजवून फोन कापतात, म्हणजे पोचलो. मी चुकून उचलला तर ओरडा मला. आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत, हे मी सोदाहरण समजावले. "पैशाचं कोण बोलायलंय?" असे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. मात्र त्यांना कोणी असा मिस कॉल द्यायचा नाही, हा कडक नियम. आम्ही लावला तर पूर्ण वाजू द्यायचा. "बेल कंडक्टरनं द्यायची. पॅसेंजरनं दोरीला हात लावायचा न्हाय."

एकदा माझ्याकडून हात लागला. गुरुवारची दुपार होती. शिक्षकखोलीतून मी दाजींना फोन लावला, पहिली बेल जाते न जाते तोच मुख्याध्यापक आत आले, म्हणून मी तो कापला आणि विसरून गेलो. संध्याकाळी दाजी आमच्या दारात उभे. खांद्याला चामडी बॅग, कपाळावर घामाने भिजलेली धूळ, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"दुपारी सिंगल बेल तुम्ही दिली?"

मी सांगितले की हो, मीच. काम निघाले म्हणून कापला. दाजी उंबऱ्यावरच बसले. पत्नीने दिलेला तांब्या त्यांनी एका दमात संपवला. मग एवढेच म्हणाले, "तुळजापूरच्या पुढं जाऊन आलो मास्तर, उन्हात. दोरी खेळायची नसती." चहासुद्धा न घेता ते शेवटच्या गाडीला निघून गेले.

दाजी दर मंगळवारी तुळजापूरला जातात, हे सर्वांना माहीत होते. मंगळवार देवीचा; ज्येष्ठांना प्रवासात सवलतही. पण गुरुवारी, भर उन्हात, एका मिस कॉलपायी? "वय झालं आता त्यांचं," पत्नी हळूच म्हणाली. मी मान हलवली. एका बेलवरून एवढा तमाशा करणाऱ्या माणसाची मला कीव येत होती, आणि ती कीव मला चांगुलपणासारखी भासत होती.

प्रकरण हातघाईवर आले ते वैशालीमुळे. एका संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तिने वडिलांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. शेवटी तिचा रडवेला आवाज माझ्या कानावर आला. "मामा, अप्पांचा फोन लागंना. घरी एकटेच हायत ते. तुम्ही जाऊन बघा की."

मी मिळेल त्या गाडीने तेर गाठले. वाटेत नको नको ते विचार मनात आले. दार ढकलले, तर दाजी भाकरी-पिठले खात होते, आणि समोरच्या फळीवर मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, अर्थातच बंद.

"डिझेल भरायलंय," ते म्हणाले. "बसा, भाकरी टाकू का?"

त्या क्षणी मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. वाक्ये मात्र लांब नव्हती.

वैशालीनेही मग अखेरचे सांगून टाकले. एक तर दिवाळीपर्यंत टचचा फोन वापरायला शिकायचे, म्हणजे ती रोज व्हिडिओ कॉलवर त्यांना डोळ्यांनी पाहील. नाहीतर तेरच्या घराला कुलूप लावून पुण्याला यायचे. ती दुष्टपणाने बोलत नव्हती. आई गेली त्या दिवशी ती वेळेवर पोचू शकली नव्हती, आणि न लागणारा फोन हा तिला दरवेळी तोच दिवस वाटतो. दाजी पूर्वी एकदा पुण्याला राहून आले होते, पण आठवड्याच्या आतच परतले. "तिथल्या गाड्यांचं दार आपोआप लागतं, मास्तर. कंडक्टर नुसता नावाला," एवढेच प्रवासवर्णन त्यांनी केले होते. तेव्हा पुणे नको असेल तर टच, असा सरळ हिशोब होता, आणि तो गळी उतरवण्याचे काम माझ्याकडे आले. "तुमचं ऐकतेत ते, मामा," असे वैशाली म्हणाली. माझे कोणीही ऐकत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

नवा फोन घेऊन मी रविवारी तेरला गेलो. दाजींनी तो उलटासुलटा करून पाहिला. काच पुसली. कडेवरून बोट फिरवले.

"झ्याक हाय. पर ह्याची दोरी कुठं हाय?"

"दाजी, याला बटणे नसतात. काचेवरच सगळे."

"मग आंधारात हाताला कसं कळायचं?"

मी पुण्याचे नाव काढले. दाजी स्वतःच उठून चपला घालू लागले. स्टँडजवळच्या दुकानदाराने जुने सिम काढून कात्रीसारख्या यंत्रात धरले, नव्या फोनच्या मापाचे कापले. इंजेक्शन घेताना तोंड फिरवावे तसे दाजींनी तोंड फिरवले. जुना मोबाइल त्यांनी खाकी थैलीत घातला, रबरे लावली, आणि बॅग पोटाशी धरून माझ्यामागून घरी आले.

शिकवणी सुरू झाली. आलेला फोन उचलायचा तर हिरवी खूण बोटाने सारायची, एवढाच धडा. पण जन्मभर तिकिटांना पंच करून दाजींचा अंगठा असा घट्ट झाला आहे की ती काच त्याला ओळखेचना. मी अंगठा ओल्या रुमालाने पुसून पाहिला. तर्जनी वापरून पाहिली. दाजी जोर लावून दाबत, आणि जिथे नको तिथे काहीतरी उघडे. एकदा कॅमेरा उघडला आणि पडद्यावर त्यांचाच चेहरा आला, तेव्हा ते दचकून म्हणाले, "ह्ये कोण बसलंय म्हातारं?" मी हसलो नाही. माझी चिडचिड तोवर पार गळ्याशी आली होती.

दिवेलागण झाली तसे दाजी अस्वस्थ झाले. दाराकडे पाहू लागले, आभाळाकडे पाहू लागले.

"मास्तर, आता जरा थांबू. थोड्या टायमानं शिकू. फोन तेवढा खाली ठिवा."

ही पळवाट आहे, असे मी समजलो. तीस वर्षे मुलांच्या पळवाटा पाहिलेला मी माणूस. "आता नाही तर कधीच नाही, दाजी," असे मी म्हणालो, आणि तेवढ्यात माझ्या हातातला नवा फोन वाजला. नाव नाही, नुसता आकडा. मला आनंदच झाला. प्रात्यक्षिकाची अशी संधी कुठे मिळते? दाजींनी हात वर केला होता, "थांबा, थांबा" असे काही म्हणतही होते. पण मी पहिल्याच बेलला खूण सारली.

"पाहा, असे. हॅलो? हॅलो, कोण बोलतंय?"

पलीकडे कोणी बोलले नाही. श्वास ऐकू येत होता. मग घशातून एक आवाज आला, ओढल्यासारखा, ना शब्द ना हुंकार.

"कोण आहे? बोलत का नाही? बोलायचे नसेल तर माणसाने फोन करू नये. लोकांना कामे असतात." वर्गात शेवटच्या बाकाशी बोलतो त्या आवाजात मी हे बोललो, आणि फोन कापला.

दाजींचा वर केलेला हात अजून खाली आला नव्हता.

"दुसरी बेल व्हायच्या आदी उचलला तुम्ही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मास्तर, त्याला आता उलट डबल बेल द्या. लगेच द्या. माझ्या अंगठ्यानं व्हायचं न्हाय."

"कोणाला?"

"महबूबला."

महबूबभाई हे नाव मी ऐकले होते. नोकरीतली बरीच वर्षे एकाच गाडीवर हे ड्रायव्हर आणि दाजी कंडक्टर होते. तामलवाडीचे, उंचेपुरे, गाडी चालवताना मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे बोलणारे. माझ्या लग्नात त्यांच्या बोलण्यापुढे बँड झाकला गेला होता. दाजींनी थांबत थांबत सांगितले, ते असे: दोन वर्षांपूर्वी महबूबभाईंना लकवा मारला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. डावा अंगठा तेवढा चालतो. सुनेने एक बटण असे लावून दिले आहे की ते नुसते दाबून धरले की दाजींना फोन लागतो. सकाळी उजाडल्यावर दोनदा वाजवून ते कापतात, आणि संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा. दाजी उलट दोन बेल देतात. संध्याकाळच्या बेल झाल्या, की मग गाडी डेपोला, मग डिझेल. आणि एकच वाजली तर त्याचा अर्थ ठरलेला आहे: थांब, ये.

मला वेगवेगळ्या चपला आठवल्या.

"तुम्ही मंगळवारी तुळजापूरला..."

"तुळजापुरात उतरून देवीला हात जोडतो की. मग फुडं तामलवाडी."

"पण दाजी, हे इतके दिवस सांगितले का नाहीत? वैशालीलाही नाही?"

"ड्रायव्हरला काय झालं ते पॅसेंजरला सांगायचं नसतं. आमच्यात तसंच हाय." त्यांनी बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळला. "त्याला कुणी कीव केल्याली खपत न्हाय. अन् तुम्हाला वाटतंय म्या त्याच्यासाठी करायलोय. तसं न्हाय. तुमची अक्का गेली, आता सकाळी उठून मला 'चला' म्हणणारं घरात कोण हाय? त्याची डबल बेल आली की उठतो, पाणी तापवतो, चहा ठिवतो. तवा म्या बेल द्यायचो, गाडी तो चालवायचा. आता बेल तो देतो. गाडी म्या चालवतो."

मी तो आकडा लावला, दोन बेल जाऊ दिल्या, कापला. आम्ही वाट पाहिली. उलट काहीच आले नाही. पुन्हा दिल्या. काही नाही. मी दुकान बंद होण्याआधी धावत स्टँडवर गेलो. दुकानदाराने कापलेल्या सिमला प्लॅस्टिकची चौकट बसवली, आणि ते काळ्या काचेच्या मोबाइलमध्ये परत गेले. दाजींनी तो चार्जिंगला लावला नाही, डब्यातही ठेवला नाही. मांडीवर घेऊन बसले.

सकाळी उजाडले. बेल झाली नाही. दाजी उठून बसले होते, पण पाणी तापवायला उठले नाहीत.

पहिल्या गाडीने आम्ही निघालो. गाडीत बसले की दाजी नव्या कंडक्टरांच्या चुका काढतात. तो एक स्वतंत्र छळ आहे. त्या दिवशी कंडक्टरने गर्दीत एक थांबा विसरून गाडी पुढे काढली, तरी दाजी काही बोलले नाहीत. मी मात्र, निदान आता तरी, शिव्या खायला तयार होतो. त्याही मिळाल्या नाहीत.

तुळजापूरला गाडी बदलताना वैशालीचा फोन आला. टचचे जमले का, असे तिने विचारले. मी थोडे बाजूला जाऊन तिला सारे सांगितले. हे पॅसेंजरला सांगायचे नसते हे मला कळत होते, पण दिवाळी जवळ आली होती. ती म्हणाली, "मामा, टचचा राहू द्या तुमच्याकडं. अप्पांना म्हणावं, सकाळी त्यांची डबल बेल झाली की मलाबी एक डबल बेल द्यायची. म्या उचलणार न्हाय. न्हाय आली तर मातर म्या गाडी धरून येणार." दाजींना हे सांगितले. त्यांनी मान हलवली, पण त्यांचे लक्ष तामलवाडीच्या गाडीकडे होते.

महबूबभाईंचे घर रस्त्याला लागूनच आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून त्यांची खाट ओसरीत असते. आम्ही गेलो तेव्हा त्यांचे तोंड भिंतीकडे होते. सुनेने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाजींना हळू आवाजात सांगितले, "कल शाम से अब्बा फोनकू हात नै लगाए, चाचा. चाय भी नै पिए." उशाशी एक बटणांचा मोबाइल होता. तसाच, दाजींसारखाच. फक्त याची काच उजळ होती.

दाजी खाटेच्या पायथ्याशी बसले. मी समोर उभा राहिलो. वाटेत मी मनात मजकूर रचून ठेवला होता आणि तो बरा जमला आहे असेही मला वाटत होते.

"महबूबभाई, काल संध्याकाळी माझ्याकडून जो प्रकार घडला, तो वस्तुस्थितीची मला कल्पना नसल्यामुळे घडला असला, तरी त्याबद्दल मी आपणांपाशी अत्यंत मनापासून..."

"मास्तर," दाजी म्हणाले, "सुट्टं बोला."

मी थांबलो. एवढ्या मोठ्या वाक्यातून सुट्टे काय काढावे, ते मला पटकन सापडेना.

"चुकलो," मी म्हणालो.

भिंतीकडचे तोंड वळले नाही. रस्त्यावरून सोलापूरकडे एक गाडी गेली, तिचा आवाज विरला. दाजी त्या पाठीकडे पाहत होते; घास हातात धरून डब्याकडे पाहतात तसे, न हलता. मग पांघरुणातून महबूबभाईंचा डावा हात बाहेर आला. तो उशाशी गेला, मोबाइलपाशी थबकला, आणि त्याला न उचलता तसाच पुढे खाटेच्या लोखंडी दांडीवर आला. अंगठ्याने त्यांनी दांडीवर एकदा टकटक केले.

दाजींनी श्वास धरला. मीही.

मग दुसऱ्यांदा.